स्टेज नको, जादा गाडी सोडा

प्रति,
सातपुड्यातल्या होळीचं नियोजन सध्या ज्यांच्या टेबलावर आहे ते सर्व साहेब,
तसंच होळीला कॅमेरे घेऊन येणारी मंडळी यांस

विषय : होळीच्या रात्री उभं राहणारं स्टेज, आणि होळीच्या आधी-नंतर लागणाऱ्या जादा गाड्या

स.न.वि.वि.

मी संस्कृतीचा अभ्यासक वगैरे नाही. २८ वर्षं एसटीत वाहक होतो, त्यातली १९ नंदुरबार जिल्ह्यातल्या सातपुड्याच्या गाड्यांवर काढली. अक्कलकुव्याहून मोलगी, तळोद्याहून धडगाव. देवगोईचा घाट आणि चांदसैलीचा घाट मी डोळे मिटून सांगू शकतो, कारण ड्रायव्हरकडे पाठ करून, दांड्याला टेकून, तिकिटं फाडत मी ते चढलो आहे. कुठल्या वळणावर पोरं ओकतात आणि कुठल्या वळणावर म्हातारे हात जोडतात, हे पायांनाच कळायचं. माझं गाव खाली तापीच्या अंगाला, घरात अहिराणी. पाड्यावरच्या माणसांच्या हिशोबानं मी बाहेरचाच. हे आधी सांगून टाकलेलं बरं, नाहीतर कुणी विचारेल की आदिवासींच्या वतीनं बोलणारा हा कोण. त्यांच्या वतीनं मी बोलत नाही, त्यांना तोंड आहे. मी गाडीच्या वतीनं बोलतोय.

झालं असं, की मागच्या आठवड्यात स्टँडसमोरच्या टपरीवर चहा पिताना कळलं, वरच्या एका गावात यंदा होळीचा मोठा 'महोत्सव' करायचं घाटतंय. स्टेज, भलामोठा पडदा, पाहुण्यांना सोफे, वरून ड्रोन, माइकवर निवेदक, नाचणाऱ्या पथकांना नंबर आणि पहिल्या तिघांना बक्षीस. सांगणारा मंडपवाल्याकडे कामाला आहे, तेव्हा बातमी पक्की समजायला हरकत नाही. तो बिचारा खूश होता, त्याला चार दिवसांचा रोज मिळणार. मी घरी आलो, जेवलो, आडवा झालो आणि झोप काही येईना. बायको म्हणाली, एवढं लागलंय तर लिहून टाका. म्हणून हे पत्र.

एक जुनी फेरी सांगतो. साल नेमकं आठवत नाही, पण हातात तिकिटांचा ट्रे होता, मशीन यायचं होतं. होळीला तीन दिवस उरले होते. सुरतेकडून नंदुरबारला उतरलेली माणसं मिळेल त्या गाडीनं अक्कलकुव्यापर्यंत आली होती आणि वर जाणाऱ्या शेवटच्या गाडीसाठी स्टँडवर बसून होती. कुणी बारडोलीकडे ऊस तोडायला गेलेलं, कुणी सुरतेत बांधकामावर, कुणी थेट सौराष्ट्रात. गाडीत सीटा जेवढ्या, त्याच्या दुप्पट माणूस चढला. पत्र्याच्या पेट्या, गोधड्यांची गाठोडी, काळी पडलेली पातेली, पाय बांधलेली एक कोंबडी, तापलेल्या पोराच्या कपाळावर ओलं फडकं धरून बसलेली एक बाई. आणि दारात एक म्हातारा, काखेत चादरीत गुंडाळलेलं काहीतरी थोराड घेऊन.

"काय आहे ते?"

"ढोल."

कातडं बदलायला तो खाली घेऊन आला होता. मी म्हटलं, "बाबा, लगेज पडेल याचं."

त्यानं चादर जराशी सरकवली, नव्या कातड्यावर दोन बोटं वाजवली आणि म्हणाला, "मास्तर, लगेज पडून राहातं. हा कुठं पडून राहणार?"

अख्खी गाडी हसली. मीही हसलो आणि लगेज काही फाडलं नाही. नियम मोडला हे कबूल करतो. आता निवृत्त आहे, मेमो कुठे पाठवतील?

देवगोईच्या घाटात गाडी पहिल्या गिअरवर आली आणि मागून ढोल सुरू झाला. पाठोपाठ कुणीतरी पातेलं घेतलं. पुढे माझी घंटी ड्रायव्हरला ऐकू जाईना. मग थांबा आला की मी हातानं पत्रा बडवायचो, आणि मागची पोरं त्या पत्र्याचाही ताल धरायची, म्हणून ड्रायव्हर थांबायचाच नाही. दोन थांबे असेच पुढे गेले. माणसं कुरकुर न करता उतरून मागे चालत गेली. प्रत्येक थांब्यावर पाचसात जण उतरत, अंधारात टेकडीवर एखादी बॅटरी हलायची, वरून हाक यायची, खालून उत्तर जायचं. तापलेल्या पोराची आई उतरली तेव्हा पोर खांद्यावर, पेटी डोक्यावर, आणि पायरीवरून पाय टाकताना तो बरोबर थापेवर पडला. तिला स्वतःला ते कळलंही नसेल.

साहेब, तुमच्या फायलीत होळी एका रात्रीची असेल. माझ्या वेबिलावर, म्हणजे कंडक्टरच्या तिकिटांच्या हिशोबाच्या कागदावर, ती सुरतेहून येणाऱ्या माणसांपासून सुरू व्हायची.

नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला १९९८ साली. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या घरात आणि त्यातले ६९ टक्के आदिवासी: भिल्ल, पावरा, मावची, तडवी अशा कितीतरी नावांचे. अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) तालुक्यांतल्या वरच्या पाड्यांवर तर दुसरं कुणी भेटलं तर तो मास्तर, नर्स, तलाठी किंवा माझ्यासारखा कंडक्टर. अक्कलकुवा हा विधानसभेचा मतदारसंघ क्रमांक एक. नकाशात राज्य जिथे संपतं तिथून यादी सुरू होते, पलीकडे नर्मदा आणि मग मध्य प्रदेश-गुजरात. जमीन उताराची, पीक पावसाचं. मका, ज्वारी, भगर घरात आली की दिवाळीनंतर पाडे रिकामे होऊ लागतात. घराला कडी, अंगणात म्हातारी, दोन शेळ्या आणि शाळेत जाणारं एखादं नातवंड. ती घरं भरतात होळीला. सोयरिकीची बोलणी, उसनवारीचा हिशोब, भावाभावांच्या बांधाचा निवाडा, वर्षात कुणी मेलं असेल त्याच्या घरी जाऊन बसणं, नवं जन्मलेलं पोर आजीच्या मांडीवर ठेवणं, सगळं होळीवर टाकलेलं असतं. नाच त्याच्या भोवती येतो.

आता गंमत बघा. सातपुड्यातली होळी सगळीकडे एकाच रात्री नसते. आज ह्या गावाची, उद्या त्या गावाची, परवा तिसरीकडे. आठवडाभर असं चालतं. कारण साधं: सगळ्यांची एकाच रात्री असली तर पाहुणा कुणाकडे जाणार? माहेर, सासर, मामाचं गाव, जिथे लेक दिली ते गाव, सगळीकडे हजेरी लागली पाहिजे, आणि नाचणाऱ्यांनाही दुसऱ्याच्या होळीत नाचता आलं पाहिजे. ह्याचा कुठे कागद नाही, पत्रिका नाही. पाड्यापाड्यावर सगळ्यांना पाठ. मी आयुष्यभर वेळापत्रकावर जगलो, पण एवढं चोख वेळापत्रक मी फळ्यावर लिहिलेलं पाहिलं नाही.

'महोत्सव' ह्यावरच पहिला घाव घालतो. तुम्ही एक गाव आणि एक तारीख पकडणार, जाहिरात करणार, बंदोबस्त, गाड्या, पाण्याचे टँकर सगळं तिथे वळवणार. उरलेल्या गावांची होळी मग 'स्थानिक' होऊन बसणार. हा शब्द मला आवडत नाही. ज्याची होळी त्याला ती स्थानिक नसते.

काठीची राजवाडी होळी तुम्हांला ठाऊक आहे, कारण तिचे फोटो छापून येतात. काठी हे जुनं मेवासी, म्हणजे भिल्ल सरदारांचं संस्थान. तिथली होळी १२४६ सालापासून चालत आल्याचं लोक सांगतात. सत्तर फुटांच्या आसपासचा बांबू, तोही गुजरातच्या हद्दीतल्या जंगलातून पारखून आणलेला. खड्ड्याला कुदळ-फावडं लावायचं नाही, हातानं उकरायचा. रात्रभर ढोल आणि पहाटे पाचच्या सुमाराला होळी पेटवायची. तिथे हजारो माणसं येतात, त्याला आता इलाज नाही, आणि काठीला ते पेलतंही. मी बोलतोय ते बाकीच्या लहान होळ्यांबद्दल, जिथे अजून बाहेरचा माणूस म्हणजे मुक्कामी गाडीचा ड्रायव्हर आणि कंडक्टर एवढाच असायचा.

मुक्कामी गाडीवरचा माणूस हा गावाचा अर्धा पाहुणा. संध्याकाळी गाडी लावायची, शाळेच्या ओट्यावर पथारी टाकायची, पोलीस पाटलाकडून भाकरी यायची. माझ्या मुक्कामाच्या गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर पुढच्या वर्षी तिथेही ड्रोन पोचेल. त्या गावची होळी माझ्या ड्युटीत तीनदा आली. पहिल्या वेळी मी लांब उभा राहून बघत होतो. एका म्हाताऱ्यानं हाताला धरून पुढे नेलं आणि माझ्या हातात एक जळता टेंभा दिला. खड्डा उकरणाऱ्या पोरांना उजेड दाखवायचा, एवढंच काम. तासभर मी तो धरून बसलो. माती दगडाची होती, पोरांच्या नखांतून रक्त येत होतं, आणि एक जण खड्ड्यातून डोकं वर काढून मलाच म्हणतो, "मास्तर, हात दुखला का? बदली देऊ?"

बांबू उभा राहिला तेव्हा कुणी 'एक, दोन, तीन' म्हटलं नाही. ढोलाची लय चढत गेली तसा तो वर गेला. अर्ध्यात एकदा तो कलला आणि दीडशे माणसांचा श्वास एकदम थांबलेला मी ऐकला. माझा धरून.

माझ्या गाडीनं दर बाजाराला जाणारा एक माणूस होता. उन्हाळ्यात आमचुराची पोती टपावर चढवायचा. इतका अबोल की तिकीटही बोटानं दाखवून मागायचा. त्या रात्री तो बुध्या झाला होता. अंगभर पांढरे ठिपके, कमरेला सुकलेल्या दुधी भोपळ्यांची माळ आणि घुंगरं, डोक्यावर कामट्यांचा आणि मोरपिसांचा उंच टोप. उडी मारली की दुधीवर दुधी आपटून कोरडा खडखडाट व्हायचा, तो ढोलाच्याही वर ऐकू यायचा. व्रताचे दिवस तो खाटेवर बसला नव्हता, जमिनीवर निजत होता, बायकोपासून लांब होता. नवस असतो, पाळणूक असते. हौस म्हणून कुणी बुध्या होत नाही. माझ्यासमोरून तो तीनदा गेला, त्यानं मला पाहिलंच नाही. म्हणजे डोळे माझ्यावर होते, पण बघत नव्हते.

आठवड्यानं तो गाडीत चढला. तोच मळका सदरा, तीच बोटानं खूण. कानामागे एक पांढरा ठिपका राहून गेला होता. मी तिकीट दिलं, सुटे पैसे दिले, बोललो काही नाही.

होळीनंतरच्या पहाटे सहाची आमची परतीची फेरी. ती आम्ही वेळेवर काढली आणि पहिल्या तीन थांब्यांवर वेबिल शून्य. चौथ्या थांब्याला एक हवालदार चढला, तो झोपेत. सगळा सातपुडा त्या वेळी राखेभोवती बसलेला असतो. सहाची गाडी त्या दिवशी कुणाच्याही कामाची नव्हती. दुपारी दोनला सोडली असती तर टपावरही जागा मिळाली नसती. हा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता स्टेजचं. निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी मी अशाच एका गावी गेलो, पाहुणा म्हणून, पाय राहवत नाहीत म्हणून. गावाचं आणि आयोजकांचं नाव घेत नाही, त्यांचा हेतू वाईट होता असंही म्हणत नाही. होळीच्या जागेसमोर वीस बाय तीसचं स्टेज. चार बाजूंना हॅलोजन. पुढे सोफे, मागे बांबूचं कठडं, आणि कठड्यामागे ज्यांची होळी ते लोक. निवेदक पुकारायचा, "पथक क्रमांक चार, तयार राहा!" पथकाला पाच मिनिटं. बाया एकमेकींच्या कमरेत हात घालून सत्तर-ऐंशींची लांबच लांब ओळ धरतात, ती वीस फुटांत कशी मावणार? मग "फक्त बारा जणी वर या". कुठल्या बारा? सासू-सुना एकमेकींकडे बघत राहिल्या. शेवटी ज्यांच्या साड्या सारख्या रंगाच्या होत्या त्यांना वर घेतलं. बाकीच्यांनी खाली उभं राहून टाळ्या वाजवायच्या. उभ्या आयुष्यात त्यांनी होळीत टाळ्या वाजवल्या नसतील. हात रिकामे नसतातच ना कधी.

पाहुण्यांना परत जायचं होतं, म्हणून पहाटेची होळी रात्री साडेअकराला पेटवली. आणि खरं सांगतो, होळी पेटलेली मला उजेडावरून कळली नाही. हॅलोजन इतके की जाळ फिका पडला. धूर डोळ्यांत गेला तेव्हा कळलं.

पाहुण्यांच्या गाड्या बारापर्यंत निघून गेल्या. स्टेजवरचा माइक बंद झाला आणि जेमतेम दोनच्या सुमाराला, हॅलोजन काढून नेल्यावर, खालच्या पाड्यावरच्या पोरांनी निखाऱ्यांजवळ पुन्हा ढोल घेतला. तेव्हा कुठे ती लांब ओळ धरली गेली. मी तेवढ्यासाठी थांबलो होतो. पण आग संपत आली होती.

पुढचा प्रकार ह्याहून बारीक, पण मला जास्त लागला. एक फोटोवाला, कपड्यांवरून पुण्या-मुंबईचा, टोप घातलेल्या एका पोराला सांगत होता, "तेवढा गॉगल काढ ना, ओरिजिनल वाटत नाहीये." पोरानं काढला नाही. तो गॉगल त्यानं सुरतेत स्वतःच्या मजुरीतून घेतला होता, हे मला त्याच्या चुलत्यानं सांगितलं. डोक्यावर मोरपीस आणि नाकावर गॉगल, ह्यात त्याला काही चुकलं वाटत नव्हतं. मलाही नाही. तीच पोरं मोबाइलवर पावरी गाणी बनवतात, स्वतःच शूट करतात, स्वतःच टाकतात, आणि पाड्यापाड्यावर ती वाजतात. ती काय ओरिजिनल नाहीत? तुम्हांला ज्या काळचा फोटो हवा आहे त्या काळी तुमचा कॅमेराही नव्हता.

भोंगऱ्याचंही असंच. होळीच्या आधीच्या आठवड्यातला प्रत्येक आठवडे बाजार हा भोंगऱ्या. मध्य प्रदेशात त्याला भगोरिया म्हणतात. फुटाणे, गूळ, खजूर, साखरेचे हार, नवे कपडे, चांदीचं कडं, घुंगरं, होळीला लागणारं सगळं तिथून न्यायचं, आणि बाजारातच ढोल घुमवायचे. दरवर्षी कुठेतरी छापून येतं की हा 'प्रेमाचा बाजार', इथे पोरं-पोरी एकमेकांना पसंत करून पळून जातात. आदिवासी कार्यकर्ते हे खोडून खोडून थकले. माझी साक्ष घ्या: १९ वर्षं भोंगऱ्याच्या गाड्या नेल्या, पोरीच्या हातात बांगड्या भरून घेणारे बाप पाहिले, उधारीवर घुंगरं घेणारे पाहिले, दारू पिऊन गाडीखाली निजलेले पाहिले. पळून जाणारं जोडपं तिकीट काढायला एकदाही आलं नाही. आलं असतं तर मला कळलंच असतं, कारण ह्या रस्त्यावर पळून जायलाही एसटीच लागते.

आणि वर्षभराचं मनोरंजन काय एकट्या होळीवर आहे? महाशिवरात्रीला देवमोगऱ्याला, गुजरातेतल्या सागबाऱ्याकडे, याहामोगी मातेच्या यात्रेला नव्या टोपल्यांत नवं धान्य घेऊन माणसांच्या रांगा निघतात. दिवाळीत अस्तंब्याच्या डोंगरावर अश्वत्थाम्याला भेटायला हजारो लोक रात्री चढतात. पावऱ्यांचा इंदल हा नवसाचा उत्सव असतो, लग्नसराईत सोंगाड्या पार्टी असते. रात्रभर बाईच्या वेशातला गडी सरपंचापासून कंडक्टरपर्यंत सगळ्यांची खेचतो. माझीही खेचली आहे. 'सुटे द्या, सुटे द्या' म्हणत तो माझ्यासारखा चालून दाखवायचा आणि पोरं गडाबडा लोळायची. नर्मदाकाठच्या जीवनशाळांचा, म्हणजे नर्मदा आंदोलनानं काढलेल्या शाळांचा, बालमेळा भरतो, त्यात बोटीनं आलेली पोरं कबड्डी-खोखो खेळतात. मका निघाल्यावर उताराच्या वावरात टेनिस बॉलचं क्रिकेट. षटकार मारला की चेंडू दरीत, आणि तो आणेपर्यंत जेवणाची सुट्टी. ह्यातल्या एकालाही स्टेज लागत नाही. सपाट मैदान मात्र लागेल, ते एक करून दिलंत तर पोरं तुमचं नाव घेतील.

तुम्ही म्हणाल, पर्यटन वाढलं तर दोन पैसे मिळतील, स्थलांतर थांबेल. मलाही वाटतं मिळावेत. धडगावचं आमचूर, मोलगीची भगर, मोहाची फुलं हे विकत घ्यायला माणसं आली तर कुणाला नकोय? पण त्या महोत्सवात मी हिशोब मांडून पाहिला: मंडपवाला खालचा, जनरेटर खालचा, जेवणाचा ठेका खालचा, निवेदक तर आणखी खालचा. गावातल्या एका म्हातारीनं उकडलेल्या शेंगा विकल्या. टोपलीभर. तिलाही नंतर सोफ्याच्या मागे जायला सांगितलं.

तुमच्याच कायद्यात ह्यावर तोड आहे. आदिवासी भागातल्या ग्रामसभांसाठीचा पेसा कायदा १९९६ चा, आपल्या राज्याचे नियम २०१४ चे. रूढी-परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपायचा अधिकार त्यात ग्रामसभेला दिलेला आहे. हे मला कसं माहीत म्हणाल, तर पेसाच्या प्रशिक्षणाला गेलेले सरपंच परत येताना माझ्याच गाडीत ती पुस्तिका मोठ्यानं वाचायचे, आणि मागचे लोक शंका विचारायचे. घाट संपेपर्यंत चांगली ग्रामसभाच भरायची. तेव्हा महोत्सव करायचाच असेल तर आधी त्या गावच्या ग्रामसभेत जाऊन विचारा. आणि विचारताना पुजारा, कारभारी, म्हाताऱ्या बाया असतील असं बघा. चार शिकलेल्या पोरांची सही घेऊन येऊ नका. ग्रामसभा म्हणाली 'हो', तर मी हे पत्र मागे घेतो आणि टाळ्या वाजवायला येतो.

मला स्वतःला विचाराल तर स्टेजचा पैसा डिझेलवर घाला. होळीच्या आधीचे सहा दिवस सुरतेकडच्या रेल्वेगाड्यांच्या वेळा धरून नंदुरबार स्टेशनाबाहेरून थेट मोलगी आणि धडगावच्या जादा गाड्या लावा, म्हणजे लेकरं घेऊन तीन स्टँडांवर रात्री काढायला नकोत. भोंगऱ्याच्या दिवशी शेवटची गाडी अंधार पडल्यावर सुटू द्या. बाजार तेव्हा रंगात येतो, आणि जीपच्या टपावर बसून घाट उतरणारी माणसं तेव्हाच पडतात. होळीच्या दुसऱ्या दिवशी पहाटेची रिकामी फेरी दुपारवर ढकला. ज्या गावची होळी ज्या रात्री, त्या रात्री तिथे पाण्याचा टँकर आणि घाटाच्या पायथ्याला एक रुग्णवाहिका, बास. बाहेरच्यांच्या गाड्या किलोमीटरभर अलीकडे थांबवा, दिवे तिथे लावा, होळीपाशी नको. ड्रोनचं मी काय सांगू. मोरपिसांच्या टोपांवर तो घोंघावायला लागला की नाचणारे वर बघतात, आणि पाय चुकतो.

कॅमेरेवाल्या मंडळींनो, तुम्ही या. तुम्हांला कुणी अडवणार नाही, भाकरीही देतील. पण चढणीला गाडीत जागा सोडा, आणि कुणी हातात टेंभा दिला तर कॅमेरा बाजूला ठेवून धरा.

जादा गाडी सुटलीच, तर तिच्यावरच्या वाहकाला माझा एक निरोप द्या. नवा पोरगा असेल, मशीनवाला, नियमाचा पक्का. म्हणावं, दारात कुणी म्हातारा चादरीत काही गुंडाळून उभा राहिला तर लगेज विचारू नकोस. आणि देवगोईत घंटी ऐकू गेली नाही तर पत्रा बडव. दोन थांबे पुढे गेले तरी चालतंय.

आपला,
एक निवृत्त वाहक
(बिल्ला जमा केलेला आहे)